लोचटपणा न करता डेटिंग कसं करायचं: पहिल्या दोन महिन्यांपुरतं

चवथीच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला म्हापशाच्या एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. संध्याकाळी सातपासून त्याने एका मुलीला नऊ मेसेज टाकले होते. पहिला ‘हाय, चवथ कशी चाललीय’, दुसरा त्याच्या घरी गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीचा फोटो, तिसरा ‘बिझी दिसतेस’, चौथं नुसतंच प्रश्नचिन्ह, मग ‘मी काही चुकीचं बोललो का’, असं करत करत शेवटचा, ‘ओके. समजलो. टेक केअर.’ दोघांची भेट झालेली एकदाच, पणजीत, दीड तास. आणि ती पोरगी होती काणकोणात खूप आत, मूळ घरी, जिथे अख्खं कुटुंब जमतं, घुमट वाजवत आरत्या मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि मोबाईलला रेंज हवी असेल तर अंगणाच्या टोकाला फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मडगावला आली आणि नऊच्या नऊ मेसेज तिच्या फोनवर एकदम पडले. त्या नऊ मेसेजमधे एक अख्खं भांडण झालं होतं, ब्रेकअपसुद्धा झालं होतं, आणि तेव्हा ती बिचारी नेवऱ्या तळत होती.

हसू नका, मी स्वतः याच्यापेक्षा वाईट केलेलं आहे, ते पुढे येईलच. आपल्याकडे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते अशांसाठीच, फक्त आता बाशिंग फोनला बांधलेलं असतं. मी पोरगा आहे त्यामुळे अनुभव त्या बाजूचे आहेत पण मुलींनाही यातलं बरंच लागू पडतं, मधे एका मैत्रिणीची गोष्ट येईल.

आधी एक गैरसमज

लोकांना वाटतं लोचटपणा म्हणजे जास्त मेसेज करणं. तसं नसतं हो. दिवसाला चाळीस मेसेज करणारे लोक मी बघितलेत, मजेत असतात, कारण वीस इकडून वीस तिकडून असतात. आणि आठवड्याला एकच मेसेज करूनही माणूस लोचट असू शकतो. मेसेजच्या पोटात काय आहे ते बघायचं. ‘जेवलीस का’ हा प्रश्न खरंच जेवणाबद्दल असेल तर काही प्रॉब्लेम नाही, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो ‘मी अजून तुला आवडतो ना, सांग लवकर, मला झोप येत नाहीये’. म्हणजे घालमेल आपली आणि ती शांत करायचं काम दुसऱ्याला, तेही ज्याच्याबरोबर आपण एकदाच कॉफी प्यायलो अशा माणसाला. समोरच्याला हे कळतं. नेमकं शब्दात सांगता येणार नाही कदाचित, पण ‘कायतरी जड वाटतंय यार’ असं होऊन ती थोडी मागे सरकते, आणि ती एक पाऊल मागे गेली की आपण घाबरून दोन पावलं पुढे.

म्हणून मी एकच चाचणी लावतो. पाठवायच्या आधी स्वतःला विचारायचं की याला उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर माझं काय होईल? ‘काही नाही, बघेल कधीतरी’ असं मनापासून वाटत असेल तर पाठवा, हवे तर पाच पाठवा. ‘मी दर पाच मिनिटांनी फोन उलटा करून बघत बसेन’ असं वाटत असेल तर तोच मेसेज आधी स्वतःला पाठवा, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज करता येतो. सकाळी उठून वाचा. मला तरी निम्म्या वेळा लाज वाटलेली आहे, आणि उरलेल्या निम्म्यात दोन ओळी कापून तिसरी पाठवलेली आहे.

हे सगळं ऐकलं की काही हुशार लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. फोंड्याचा एक ओळखीचा आहे, ती चाळीस मिनिटांनी उत्तर देते म्हणून हा ऐंशी मिनिटांनी द्यायचा, अलार्म लावून. मी विचारलं त्या ऐंशी मिनिटांत तू करतोस काय, तर म्हणे काय करणार, घड्याळ बघतो. अरे बाबा मग लगेच उत्तर दिलेलं काय वाईट होतं! हाही लोचटपणाच आहे, फक्त त्याला मिशी लावलीय. कोल्ड वागायचं, स्टोरीला मुद्दाम लाईक द्यायचं नाही, दुसऱ्या मुलीबरोबरचा फोटो टाकायचा म्हणजे हिला जळेल, या सगळ्यात माणसाचं पूर्ण लक्ष ‘ती माझ्याबद्दल काय विचार करते’ इथेच अडकलेलं असतं. नऊ मेसेजवाला आणि ऐंशी मिनिटंवाला एकाच बसमधे बसलेत, सीट वेगळी.

फोनचं काय करायचं

संध्याकाळी पणजीला मांडवीकाठी उभं राहिलं की समोर कॅसिनोच्या बोटी दिसतात, लखलखाट. आतलं स्लॉट मशीन माणसाला का धरून ठेवतं तर ते कधी देईल याचा नेम नसतो. दर वेळी दिलं असतं किंवा कधीच दिलं नसतं तर माणूस कंटाळून उठला असता. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर हेच बघितलं होतं, दाणा अनियमित मिळायला लागला की प्राणी कळ दाबायचं थांबवतच नाही. आता विचार करा, जिचा रिप्लाय कधी दोन मिनिटांत येतो आणि कधी दोन दिवसांनी, तिच्या चॅटपुढे आपण काय होतो. कबुतर. आणि मग आपल्याला वाटतं हे प्रेम आहे, इतकी ओढ आजपर्यंत कुणाबद्दल वाटली नाही वगैरे. ओढ असेलही, पण त्यातली बरीचशी मशीनची असते. मला ज्या मुलीची सगळ्यात जास्त ओढ वाटली होती तिच्याशी मी एकूण चार तास बोललो होतो, यावरून काय ते समजा.

उपाय अगदी साधा आहे. व्हॉट्सअॅपवर मेसेज वाचल्याच्या त्या निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरमधे आल्या, त्याच्या आधीही लोकांची लग्नं जमत होती. सेटिंगमधे जाऊन रीड रिसीट बंद करा. तुमच्या बंद केल्या की तुम्हालाही समोरच्याच्या दिसत नाहीत, आणि खरा फायदा तोच आहे, लास्ट सीनचंही तसंच. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवतात, मग सवय होते. तिचं चॅट वर पिन केलेलं असेल तर काढा. आणि रात्री अकरानंतर भावनिक काहीही टाईप करायचं नाही, हा नियम मी स्वतःसाठी केलाय, पाळतो असं नाही.

काहींचं मुळातच जास्त धडधडतं, हेही खरं आहे. लहान मुलं आई बाहेर गेल्यावर आणि परत आल्यावर कशी वागतात यावर बोल्बी आणि एन्सवर्थ या दोघांनी केलेलं काम आहे, तेच पुढे १९८७ मधे हॅझन आणि शेव्हर यांनी मोठ्यांच्या प्रेमाला लावून बघितलं, त्यात साधारण पाचातला एक माणूस ‘चिंताग्रस्त’ प्रकारात आला, म्हणजे समोरचा सोडून तर जाणार नाही ना ही भीती सतत. तुम्ही त्यातले असाल तर तो काही रोग नाही. तुमच्या घराचा कुत्रा जरा जास्त भुंकतो एवढंच, पोस्टमन आला तरी भुंकतो. आपण प्रत्येक भुंकण्याला उठून दार उघडायचं नाही, इतकं शिकलं तरी बराच फरक पडतो.

हुर्राक प्रकरण

आता माझं. डिचोलीचा मी, नोकरी पणजीला, आणि अॅपवर एक फोंड्याची मुलगी मॅच झाली. मार्च महिना, काजूचा सिझन. तिने सहज विचारलं, ‘हुर्राक घेतोस ना? आमच्या मामाची सत्तरीत बागायत आहे, भट्टीची एकदम ताजी मिळते.’ मला दोन बिअर झाल्या की भिंत लागते. पण मी काय लिहिलं? ‘विचारतेस काय, सिझनमधे दर रविवारी बसतो आम्ही.’ का लिहिलं देव जाणे. म्हणजे मला माहीत आहे का लिहिलं, तिला हवा तसा मुलगा असावा म्हणून.

तिसऱ्या भेटीला तिने खरंच नेलं. तिचे दोन मावसभाऊ, मामा, आणि ग्लासात हुर्राक, त्यात लिम्का, मीठ, मधे चिरलेली हिरवी मिरची. गोड लागते, तिथेच फसतो माणूस. काजूची ही पहिल्या धारेची, फेणीपेक्षा सौम्य म्हणतात, म्हणून मी दोन ग्लास मारले. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. एका काजूच्या झाडाला धरून मी बराच वेळ उभा होतो एवढं नक्की. आणि गोवा केवढा, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं, त्यातली निम्मी एकमेकांची कुणी ना कुणी लागतात. तिचा मावसभाऊ माझ्या चुलतभावाबरोबर फुटबॉल खेळणारा निघाला. मी डिचोलीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आई दारात उभी. इथे खोटं बोलून डेटिंग करणं म्हणूनच फार रिस्की आहे, मुंबई-पुण्यात खपत असेल.

गंमत म्हणजे ती नंतर म्हणाली, ‘माझा सख्खा भाऊ पीतच नाही, तू नाही म्हणाला असतास तर तुला कोकम सरबत दिलं असतं.’ म्हणजे खरा मी तिला चालणार नाही हा निकाल मीच लावून टाकला होता, तिला न विचारता. खोटी आवड सांगणं हा त्या नऊ मेसेजचाच भाऊ आहे. दशावतारातला राजा रात्रभर कितीही डौलात वावरला तरी सकाळी मुकुट पेटाऱ्यात टाकून पेटारा स्वतःच उचलतो, आणि त्याला तो मुकुट एकाच रात्रीपुरता हे माहीत तरी असतं. आपण चौथ्या भेटीला, पाचव्या भेटीला तोच मुकुट घालून येतो आणि मग मान दुखते म्हणून चिडतो, वर तिच्यावरच.

मग खरं वागायचं म्हणजे काय, पहिल्याच भेटीत सगळं ओतायचं का? तेही नको. असे लोक भेटलेत, बसल्या बसल्या एक्सची चाळीस मिनिटं, मग वडिलांशी का पटत नाही, मग ‘मी असाच आहे बघ, स्पष्ट बोलतो’. आपल्या जुन्या घरात पाहुणा आला की त्याला आधी बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सोप्यावर बसवतात, पाणी देतात, मग ओळख वाढली की आत, आणि देवघरात तर फार नंतर. पण सोपा काही खोटा नसतो, तोही त्याच घराचा, त्याच चिऱ्याचा. पहिल्या एक-दोन भेटींत सोप्यावरच्या गोष्टी खऱ्या सांगायच्या. मला दारू झेपत नाही. मला समुद्रात पोहता येत नाही, गोव्यात जन्मून. सोमवारी मासे खात नाही, आई ओरडते म्हणून, श्रद्धा वगैरे माहीत नाही. बघा, यात काही जखमा उघड्या केल्या नाहीत पण माणूस दिसला की नाही?

मुलींचं वेगळ्या प्रकारे होतं असं माझी मडगावची एक मैत्रीण सांगते, बँकेत आहे ती. ती मेसेजचा मारा कधी करत नसे. ती म्हणायची ‘काहीही चालेल’. कुठे भेटायचं, काहीही चालेल. कधी, तुला जमेल तेव्हा. त्याला शनिवारी रात्री बागा-कळंगुटला जायला आवडायचं आणि हिला त्या गर्दीची, त्या म्युझिकची इतकी चीड की डोकं दुखायचं, तरी दोन महिने हसत गेली. मग एक दिवस पार्किंगवरून एवढी भडकली की तो बघतच राहिला, त्याला काय माहीत आठ शनिवार साठलेत. तो वाईट नव्हता हो. त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता ती एक करते, प्रत्येक भेटीत निदान एक गोष्ट स्वतःच्या मनाची सांगते, छोटी का असेना. ‘आज मला चालायचंय, बसायचं नाही.’ कुणी तेवढ्यावरून नाराज झाला तर पहिल्याच महिन्यात कळलं, बरंच झालं.

विचारायचं कसं

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. ‘मी सहज तुमच्या साईडला आलो होतो, म्हटलं बघू तू आहेस का’, असं म्हणणारा माणूस डिचोलीहून सहज फोंड्याला का गेला हे तिला समजत नाही असं वाटतं का तुम्हाला? किंवा ‘या वीकेंडला काय करतेस’, ती म्हणते ‘काही विशेष नाही’, मग हा म्हणतो ‘ओके’. मग दोघंही वाट बघत बसतात.

सरळ लिहा. ‘परवा बोलायला मजा आली. शनिवारी साडेचारला कांपालला फिरायला येशील का, तासभर? नंतर मला तालमीला जायचंय. जमणार नसेल तर बिनधास्त सांग.’ यात बघा, मला काय हवं ते आहे, दिवस-वेळ-जागा आहे, भेट कधी संपेल ते आहे आणि नाही म्हणायला उघडी वाट आहे. ती ‘नाही जमणार’ म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला तर छान. नुसतं ‘नाही जमणार’ आलं तर ‘ठीक आहे, तुला जमेल तेव्हा सांग’ आणि खरंच थांबायचं. ‘मग रविवारी? सोमवारी? बरं पुढच्या आठवड्यात?’ हे नको, ती काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का.

पहिली भेट लहान ठेवा, तास-दीड तास. लोक पहिल्याच भेटीला सनसेट क्रूझ बुक करतात, आता पाण्याच्या मधोमध कंटाळा आला तर बिचारीने उडी मारायची का? कांपालची नदीकाठची वाट चांगली, मिरामार चांगलं पण संध्याकाळी तिथे तुमची एक तरी मावशी फिरायला आलेली असते. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच-दहा मिनिटांचा प्रवास, उभ्या उभ्या बोलता येतं, आणि एकमेकांकडे टक लावून बघत बसावं लागत नाही. पलीकडे थोडं चालायचं, परतीच्या फेरीने यायचं. पण हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला, पहिल्या भेटीला अनोळखी माणसाबरोबर बेटावर जायला कुठलीही शहाणी मुलगी कचरेल आणि बरोबरच आहे तिचं.

ती घरी कशी जाणार ते तिला ठरवू द्या. गावाकडच्या शेवटच्या बसेस लवकर सुटतात, त्यामुळे भेट दिवसाउजेडी ठेवलेली बरी, मग कदंबाच्या बसने जाईल, स्वतःच्या स्कूटरने जाईल. ‘मी सोडतो’ एकदा विचारणं सभ्यपणा आहे. तीनदा विचारणं म्हणजे अजून अर्धा तास हवाय, आणि तिला आपलं घर इतक्यात दाखवायचं नसेल ही शक्यता आपल्या डोक्यातच आलेली नाही.

भेटीत काय बोलायचं याच्या याद्या करून जाऊ नका. एकच लक्षात ठेवा, ती जे बोलली त्यावरच पुढचा प्रश्न विचारा. ती म्हणाली आजी वाळपईला असते, तर ‘अच्छा, माझी आजी पण’ करून आपली टेप सुरू करण्यापेक्षा ‘सुट्टीत तिथेच जायचीस का’ विचारलं तर काय जातं? हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ मधे स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली होती, असे मागचा धागा धरून प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले. आणि नवीन माणसाला भेटून आल्यावर जी भीती वाटते ना, ‘मी बावळटासारखा बोललो, तिला नक्की आवडलो नसणार’, त्यावरही २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की बोलणं झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच लावतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त आवडलेले असतात. म्हणजे घरी जाताना जो आवाज डोक्यात चालू असतो त्याला जरा गप्प बस म्हणायला हरकत नाही.

तालीम चुकवू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मी इथेच सगळ्यात वाईट हरलो. हुर्राक प्रकरणानंतरही ती मुलगी भेटत होती, तिचा मोठेपणा. त्याच वेळी गावच्या देवळातल्या उत्सवाच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या आणि मला चांगली भूमिका मिळाली होती, पहिल्यांदा, त्याआधी तीन वर्षं मी फक्त भालदार-चोपदारच केले होते. तालीम संध्याकाळी सातला. आणि ती कधी कधी म्हणायची, ‘बघू, संध्याकाळी कदाचित फ्री असेन.’ कदाचित! त्या कदाचितवर मी तीन तालमी बुडवल्या. त्यातल्या दोनदा तर ती फ्री झालीच नाही, मी पणजीला बस स्टँडवर चणे खात बसलो होतो. चौथ्या दिवशी गेलो तर दिग्दर्शकाने, आमच्या गावचेच मास्तर ते, काही न बोलता माझी वही दुसऱ्याच्या हातात दिलेली. मी परत भालदार.

तिला सांगितलं तर मला वाटलेलं ती विरघळेल, माझ्यासाठी एवढं केलं म्हणून. ती थोडा वेळ गप्प बसली मग म्हणाली, ‘मी तर घरी सांगून ठेवलं होतं, नाटक बघायला येऊया म्हणून.’ झालं. तिला माझ्यातलं जे आवडलं होतं तेच मी तिला मिळवायला विकून आलो होतो. आणि वर तिच्यावर एक ओझं, की हिच्यामुळे याचं नाटक गेलं, जे तिने मागितलंही नव्हतं.

तर पहिल्या दोन महिन्यांत आधीपासून जे ठरलेलं आहे ते हलवायचं नाही. तालीम, फुटबॉल, भजनी मंडळ, रविवारी सकाळी बाबांबरोबर मासळी बाजार, जे काय असेल ते. ती मोकळी असेल आणि तुम्हाला तालीम असेल तर ‘आज तालीम आहे, उद्या?’ एवढंच लिहायचं. यात ताठा नाही. खरंच तालीम आहे! आणि जर हलवण्यासारखं काहीच नसेल, आठवडाभर संध्याकाळी फोन आणि आपण, तर प्रॉब्लेम त्या मुलीच्या रिप्लायचा नाहीये, आधी तिथे काहीतरी भरा.

काय हवंय ते कधी सांगायचं

लग्न, सिरीयस, टाईमपास, जे काय मनात आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीच्या आसपास एकदा सांगून टाका, स्वतःबद्दल, तिच्याबद्दल नाही. ‘घरचे स्थळं बघतायत, मला मात्र आधी ओळख करून मगच पुढे जायचंय, आणि मला पुढे जायचं आहे, टाईमपास नको’, हे चालतं. ‘तू मला पहिल्या दिवसापासून बायको म्हणूनच दिसतेस’ हे चालत नाही, ती अजून तुमचं आडनाव नीट उच्चारायला शिकतेय. आणि घाबरायला होतं हेही सांगता येतं, साध्या शब्दात, एकदा. ‘मला रिप्लाय उशिरा आला की उगाच टेन्शन येतं, माझाच स्वभाव, तू मनावर घेऊ नको.’ त्यानंतर तिने उत्तर लवकर द्यायलाच पाहिजे असा त्याचा करार करायचा नाही.

भेटीनंतर एक मेसेज करा, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, आवडलं असेल तर आवडलं म्हणा. उत्तर नाही आलं तर चार-पाच दिवसांनी अजून एक, हलका. त्यालाही नाही आलं तर तेच उत्तर समजायचं. तिच्या मैत्रिणीला विचारायचं नाही, इन्स्टावर दुसऱ्या अकाउंटने बघायचं नाही, तिच्या ऑफिसखाली ‘सहज’ उभं राहायचं तर अजिबात नाही, तिथे लोचटपणाची हद्द संपून छळ सुरू होतो. आणि तिने स्पष्ट ‘पुढे जावंसं वाटत नाही’ म्हटलं तर का म्हणून विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, वाईट वाटलं पण ठीक आहे, काळजी घे’, बास. याच्यापुढे एक ओळ वाढवायचा मोह होतोच, तेव्हा फोन आईकडे द्या.

मला तिने हेच सांगितलं, मे महिन्यात, फोन करून, नीट. मी वरची ओळ पाठवली नव्हती, मी दोन पानं पाठवली होती, म्हणून तर वरची ओळ मला आता इतकी पाठ आहे.

गोव्यात ती पुन्हा भेटणार हे धरूनच चाला. मला तीन वर्षांनी भेटली, म्हार्दोळला एका लग्नात, नवऱ्याबरोबर. तिने ओळख करून दिली, ‘हा नाटकात काम करतो.’ मी म्हटलं हो, यंदा सेनापती आहे. मग तिघंही जेवणाच्या रांगेत उभे राहिलो, खतखतं संपायला आलं होतं.